बावीस अंशांतही गारठा: स्टुटगार्टमधल्या एका मराठी घराचं प्रकरण

घर स्टुटगार्टच्या एका उपनगरात, १९६० च्या दशकातल्या चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर टोकाला. भाड्याचं, ८० चौरस मीटरचं. उत्तर आणि पश्चिम या दोन भिंती बाहेरच्या, त्यांना इन्सुलेशन (ऊब धरून ठेवणारा थर) नाही. खिडक्या दुहेरी काचेच्या, पण जुन्या. तळघरात सगळ्या इमारतीचा मिळून एक गॅस बॉयलर, त्याचं गरम पाणी प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरतं. राहणारे तिघं: पुण्याहून आलेलं नोकरदार जोडपं आणि पाच वर्षांचा मुलगा. २०२३ ची दिवाळी आटोपून मुलाची आजी साताऱ्याहून आली, शेंगेन व्हिसाचे ९० दिवस राहायला, आणि तापमानावरून घरात रोजची कुरबुर सुरू झाली.

आजींच्या मुलाचं म्हणणं, २० पुरे. सून म्हणायची २१, फार तर २२. आजींना २२ लाही हुडहुडी भरायची. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: "अरे, साताऱ्याला थंडीत पहाटे बारा अंश असतं, तेव्हा मी अंगण झाडून सडा घालते. इथं तू बावीस म्हणतोस आणि माझी बोटं बधिर होतात. तुझं ते यंत्र एकदा दाखव कुणाला तरी."

त्यातच २०२२ सालचा हीटिंगच्या खर्चाचा हिशेब आला. जर्मनीत घरमालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत तो द्यावा लागतो, त्यामुळे २०२२ च्या महागड्या गॅसचा चटका अनेक भाडेकरूंना २०२३ च्या अखेरीस बसला. या घराला ६०० युरोंच्या वर भरायचे होते. शिवाय जोडप्याच्या झोपायच्या खोलीत कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरलेली. घर महाग, दमट आणि तरीही गार. मी इमारतींच्या हीटिंगचं काम करतो, म्हणून ओळखीतून मला बोलावणं आलं. मागणी एवढीच की किती अंशांवर ठेवायचं तो आकडा सांगा. (त्यांना विचारूनच हे लिहितो आहे, नावं अर्थातच गाळून.)

नॉबवरचे आकडे

इथल्या जुन्या घरांत भिंतीवर एकच मुख्य थर्मोस्टॅट नसतो, प्रत्येक रेडिएटरला स्वतःचा नॉब असतो. त्यावर १ ते ५ आकडे. ३ म्हणजे खोलीत साधारण २० अंश, आणि पुढेमागे एकेका आकड्याला चार अंशांचा फरक: २ ला १६, ४ ला २४, ५ ला २८. बर्फाच्या चांदणीचं चिन्ह म्हणजे सुमारे ६ अंश, पाईप गोठू नयेत एवढ्यापुरतं. दोन आकड्यांमधली बारीक रेघ साधारण एका अंशाची.

हे घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं, आणि त्यात नवल काही नाही, भाड्याने घर देताना हे कोणी सांगत नाही. गार वाटलं की ५, गरम झालं की बंद, असा खाक्या होता. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. नॉबच्या आत एक छोटी कुपी असते, तिच्यातला द्रव किंवा मेण गरम झालं की फुगतं आणि पाण्याची झडप हळूहळू मिटवतं. गार खोलीत ३ वरही झडप सताड उघडीच असते. ५ चा अर्थ एवढाच की २८ अंश होईपर्यंत थांबू नकोस.

पण खरी गंमत पडद्यात होती. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली रेडिएटर, आणि त्यावरून जमिनीपर्यंत लोळणारे जाड पडदे, हौसेने पुण्याहून शिवून आणलेले. संध्याकाळी पडदे ओढले की नॉब पडद्याआड. मी थर्मामीटर पडद्यामागे नॉबजवळ ठेवला तर २५, आणि खोलीच्या मध्यभागी २०. नॉब ४ वर होता, त्याच्या हिशेबाने खोली तापलेली, म्हणून झडप मिटलेली आणि रेडिएटर कोमट. आजी रोज संध्याकाळी काकडायच्या आणि उठून ५ करायच्या ते या कारणाने. सकाळी पडदे उघडले की तोच ५ आता खऱ्या खोलीची हवा मोजायचा, दुपारी २६ व्हायचं, गुदमरायला लागलं म्हणून सून खिडकी वरून तिरकी उघडून ठेवायची. संध्याकाळपर्यंत खिडकीभोवतीची भिंत गार पडायची आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून.

हिशेबाचं वर्ष मात्र आजी येण्याआधीचं होतं, हे मी मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं. बिलाचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटू पाहतंय ते दिसत होतं.

बावीस कुठले?

आजींची खुर्ची खिडकी आणि उत्तरेची भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात होती. उजेड तिथे, बाहेरचा रस्ता दिसतो, पोथी वाचायला बरं. त्या दिवशी बाहेर उणे २, खोलीत २२. इन्फ्रारेड थर्मामीटरने एकेक जागा मोजली. आतली भिंत २१. उत्तरेची भिंत मधोमध साडेसतरा. खिडकीची काच १३. सोफ्यामागचा खालचा कोपरा साडेबारा.

खोलीचं तापमान म्हणून आपण हवेचा आकडा वाचतो. अंगाला मात्र हवा जेवढी कळते तेवढ्याच भिंतीही कळतात, कारण शरीर आजूबाजूच्या पृष्ठभागांकडे सतत उष्णता फेकत असतं. पृष्ठभाग गार, तर ऊब जास्त जाते. हवा संथ असेल तर ढोबळ हिशेब सोपा आहे: हवेचं तापमान आणि भोवतीच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान यांचा मध्य काढायचा. खोलीत आतल्या बाजूला बसलेल्या सुनेला भोवतालची सरासरी २० च्या वर, म्हणजे ती २१ अंशांत. आजींच्या कोपऱ्यात ती १७ च्या आसपास, म्हणजे त्या साडेएकोणीसमध्ये. शिवाय १३ अंशांच्या काचेला लागून गार झालेली हवा खाली सरकते आणि घोट्यांशी झुळूक लागते. यंत्र बरोबर होतं आणि आजीही बरोबर होत्या.

साताऱ्याच्या बारा अंशांचं उत्तरही इथेच मिळतं. डेन्मार्कचे संशोधक ओले फँगर यांनी १९७० मध्ये माणसाच्या ऊब-गारव्याचं जे गणित मांडलं त्यात सहा गोष्टी आहेत: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि अंगमेहनत. आकडा ठरवताना घरोघरी पहिल्याच एका गोष्टीवर भांडण होतं, उरलेल्या पाच कुणी मोजत नाही. अंगण झाडताना शरीर बसलेल्या माणसाच्या दुपटीहून जास्त उष्णता तयार करतं. आणि साताऱ्यातली ती पहाट दोन-तीन तासांची असते. नऊ वाजता ऊन येतं, दिवसभर भिंती तापतात, रात्री तीच ऊब घरात परत मिळते. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेच्या भिंतीला ऊन लागतच नाही आणि आजींचं दिवसाचं काम म्हणजे खुर्चीत बसून नातवाची वाट बघणं.

मुलाचा २० चा आग्रहही असाच हवेतून आला नव्हता. सप्टेंबर २०२२ पासून इथल्या सरकारी कार्यालयांना गॅस वाचवण्यासाठी १९ अंशांची कमाल मर्यादा घातली होती, त्याच्या खासगी ऑफिसनेही ती उचलली आणि जॅकेट घालून त्याने एक हिवाळा काढला. तेव्हापासून १९-२० म्हणजे शहाणपण असं त्याच्या डोक्यात बसलेलं. सुनेच्या डोक्यात पुण्याचा एसी. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती एसींना मुळात २४ अंशांवर सेट करून देण्याचा नियम आहे, आणि पुण्यात २४ ला तिला गार वाटायचं. मग आजींना इथे २४ तरी कशाला लागतं, असं तिचं कोडं. पुण्याच्या मे महिन्यात भिंत हवेपेक्षा गरम असते, स्टुटगार्टच्या जानेवारीत गार. आकडा तोच असला तरी अंगाला पोचतं ते वेगळं.

आधी खुर्ची, मग नॉब

म्हणून पहिले काही दिवस नॉबला हात लावू दिला नाही. खुर्ची आतल्या भिंतीला, खिडकीकडे तोंड करून: रस्ता दिसतो आणि पाठ उबेत राहते. सोफा उत्तरेच्या भिंतीपासून वीतभर पुढे. पडदे खिडकीच्या कट्ट्यापर्यंत कापून शिवले (सुनेला जड गेलं, पण तिनेच कापले). अंधार पडला की बाहेरचं सरकतं शटर खाली. खुर्चीखाली जाड सतरंजी.

पायांचा प्रश्न वेगळाच निघाला. फरशी गार, आणि आजी घरात चप्पल घालत नाहीत, देवघर स्वयंपाकघरातच असल्याने तिथे तर मुळीच नाही. इथल्या लोकांची घरातली सपाता त्यांना पटेना. "देवापुढे चपला घालून उभी राहू का मी?" सुनेने वाद घातला नाही, दोन जोड जाड लोकरी मोजे आणले. "आई, हे धुतलेले आहेत, स्वयंपाकघरातलेच समजा." ते चाललं. साडीची गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. साडी कशी नेसली आणि पदर कसा घेतला यावर तिची ऊब बरीच बदलते. संशोधक माधवी इंद्रगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत उष्णता मोजणाऱ्या पुतळ्याला साड्या नेसवून तपासलेलं आहे. आजींनी साडीच्या आत गरम लेगिंग आणि ब्लाऊजवर लोकरी बंडी घातली, वरून शाल होतीच. मुलाच्या ऑफिसातल्या जॅकेटएवढा बंदोबस्त झाला.

एक चौकशी मी नेहमी करतो, इथेही केली: थायरॉईड, रक्तक्षय? आजींची थायरॉईडची गोळी चालू होती, पण प्रवासाच्या गडबडीत आठवडाभर चुकली होती. थायरॉईड कमी पडलं की माणसाला थंडी जास्त वाजते. हे काम डॉक्टरांचं, हीटिंगवाल्याचं नव्हे, म्हणून साताऱ्याच्या त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला आणि मी गप्प बसलो.

मग नॉब. प्रत्येक खोलीत एक साधं डिजिटल तापमान-आर्द्रता मीटर ठेवलं, आतल्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला, रेडिएटरपासून दूर. बैठकीची खोली २० वर आणली आणि दर दोन दिवसांनी अर्धा अंश वाढवत गेलो. अट एकच: घरातल्या सगळ्यात जास्त थंडी वाजणाऱ्या माणसाने थंडीचा विषय काढायचं थांबवलं की तिथे थांबायचं. साडेएकवीसला आजी थांबल्या. मुलगा टी-शर्टवर आला, सुनेची तक्रार नव्हती.

मी आकडा असा खालून वर चढत शोधतो, वरून खाली येत नाही. २४ ची सवय झालेल्याला २३ ही गार वाटतं, आणि मग प्रत्येक पायरीवर भांडण.

साडेएकवीस जास्त आहे का? जर्मनीची पर्यावरण संस्था, उमवेल्टबुंडेसआम्ट, बैठकीच्या खोलीला २०, स्वयंपाकघराला १८ आणि झोपायच्या खोलीला १७ सुचवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवामानात घरात किमान १८ अंश हवेत असं सांगितलं, आणि वृद्ध, लहान मुलं, आजारी माणसं असतील तर जास्त लागू शकतील असंही. १८ ही तळरेषा आहे, ध्येय नव्हे. अडुसष्ट वर्षांच्या, दिवसभर बसून असणाऱ्या बाईसाठी साडेएकवीस मला वाजवी वाटतं, आणि तिथे दीड अंशाचे पैसे वाचवायला बसू नये असंही वाटतं.

पैसे किती, ते सांगतो. एक अंश वाढवला की गरम करण्याचा खर्च सुमारे ६ टक्के वाढतो, हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. तो येतो कुठून? घरातून जाणारी उष्णता आत-बाहेरच्या फरकावर अवलंबून असते. हिवाळ्याची बाहेरची सरासरी ५ अंश आणि आत २१ धरलं तर फरक १६. त्यात एकची भर म्हणजे ६ टक्के. या घराला वर्षाला साधारण ११,००० युनिट उष्णता लागते. तिचे ६ टक्के ६६०, युनिटला बारा सेंटने ८० युरोंच्या आत. तेही पूर्ण वर्षभर, सगळ्या खोल्यांत. शिवाय इमारतीच्या सामायिक खर्चातला ५० ते ७० टक्के भागच प्रत्येकाच्या वापरावर वाटला जातो, उरलेला घराच्या क्षेत्रफळावर. आजींच्या तीन महिन्यांच्या, एका खोलीतल्या दीड अंशाची किंमत बाहेरच्या एका जेवणाएवढी. ज्यावर आईशी बोलणं बंद व्हायची वेळ आली होती ती रक्कम ही. खरा पैसा दुपारी २६ अंशांत तिरक्या उघडलेल्या खिडकीतून जात होता.

बुरशी अंशांनी जात नाही

उत्तरेच्या झोपायच्या खोलीचा नॉब जोडप्याने चांदणीवर ठेवला होता. झोपताना गार बरं वाटतं, पैसेही वाचतात. दार उघडं, म्हणजे बैठकीतली ऊब आपोआप येईल. ऊब थोडी यायची, तिच्याबरोबर कुकरच्या शिट्ट्यांची, डाळ-भाताची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ यायची आणि गार कोपऱ्यावर बसायची. सकाळी मीटरवर १५ अंश, आर्द्रता ६८ टक्के.

बुरशीला पाण्याचे थेंब लागत नाहीत, भिंतीलगत ८० टक्के दमटपणा टिकला की पुरतं. जर्मन बांधकाम मानक याच हिशेबाने चालतं: आत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता, बाहेर उणे ५, तर भिंतीचा कोणताही कोपरा १२.६ अंशांखाली जाता कामा नये. या जुन्या घराला ते जमत नाही. इथला कोपरा बाहेर शून्य असताना आत १७ ला जेमतेम १० वर राहतो. म्हणजे १७ अंशांच्या खोलीत आर्द्रता ५२ च्या वर गेली की धोका. खोली १९ केली तर कोपरा थोडा वर येतो, पण हवेत सामावणारी सुरक्षित वाफ घनमीटरला ७.६ ग्रॅमवरून ८.२ एवढीच होते. दोन अंशांनी फारसं काही साधत नाही. बाहेरच्या शून्य अंशांच्या हवेत मात्र पाच ग्रॅमच्या आतच वाफ मावते. ती आत घेऊन २० ला तापवली की आर्द्रता २६ टक्के.

पुण्या-साताऱ्याच्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण आपल्याला पावसाळा माहीत: खिडकी उघडली की कपडे आणखी दमट. इथे हिवाळ्यात बाहेर धुकं असलं तरी खिडकी उघडल्याने घर कोरडं होतं. फक्त तिरकी नव्हे, सताड, समोरासमोरच्या दोन, पाच मिनिटं, आणि तेवढ्यापुरते नॉब बंद, नाहीतर गार हवा नॉबवर पडून झडप पूर्ण उघडते. दिवसातून तीनदा, स्वयंपाकानंतरची वेळ चुकवायची नाही. पाच मिनिटांत हवा बदलते, भिंती गार पडत नाहीत.

झोपायची खोली १७-१८ वर, दार बंद. कपाट भिंतीपासून पुढे. कपडे तळघरातल्या वाळवणीच्या खोलीत, जी इमारतीत पहिल्यापासून होती आणि सायकली ठेवायला वापरली जात होती. बुरशीचा डाग लहान होता, स्पिरिटने पुसला, व्हिनेगर वापरू दिलं नाही. घरमालकाला फोटोसह लेखी कळवायला लावलं, कारण भिंतीचा दोष भाडेकरूच्या माथी येता कामा नये. दोन-तीन आठवड्यांत तिथली सकाळची आर्द्रता ५० च्या आसपास आली.

मुलाला एक शंका होती: दिवसा सगळे बाहेर असताना बंद करून पुन्हा तापवायला जास्त गॅस लागतो ना? नाही लागत. घर जितका वेळ गार, तितकी उष्णता कमी बाहेर जाते. अडचण सोयीची आहे: इन्सुलेशन नसलेल्या जाड भिंती परत तापायला काही तास घेतात, तोवर हवा २१ दाखवते आणि अंग काकडतं. म्हणून या घरात रात्री किंवा रिकाम्या दिवशी नॉब दोनच्या थोडा वर, १७-१८ ला. पूर्ण बंद नाही.

आजी फेब्रुवारीत परत गेल्या. बैठकीचा नॉब दुसऱ्याच दिवशी मुलाने ३ वर आणला आणि सुनेने बारीक रेघभर पुढे सरकवला, त्यावर आता ते दोघंच वाद घालतात. आजी आणि नातू झोपायचे ती खोली १९ वर होती, नातवासाठी ती १८ केली. स्वयंपाकघराला गॅस-शेगडीची ऊब पुरते, तिथला नॉब २ वरच असतो. न्हाणी अंघोळीच्या अर्ध्या तासापुरती २३-२४, त्याबाबत पहिल्यापासून कुणाचाच मतभेद नव्हता. उत्तरेच्या भिंतीबद्दल घरमालकाचं उत्तर आलं आहे: बाहेरून इन्सुलेशनचा विचार चालू आहे, तारीख दिलेली नाही.